सौर पंप घ्यावा की वाहिनीची वाट बघावी? (४ एकर, बोअर ४२० फूट)

सीनाकाठ | १० जानेवारी, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून लिहितोय.

आमची चार एकर मोहोळ तालुक्यात. मी सोलापुरात सुताच्या दुकानात हिशेब लिहितो, रान दादा (वडील) बघतात. दीड एकर डाळिंब, बाकी ज्वारी आणि थोडा कांदा. आत्तापर्यंत चुलत्यांच्या मीटरवर भागत होतं. यंदा बांधावरून दोघांचं फाटलं आणि चुलत्यांनी वायर काढून दिली, तीसुद्धा नीट गुंडाळी करून. आता आपलं आपल्याला बघावं लागणार.

'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अर्ज केला होता, मंजुरीचा मेसेज आलाय. चार एकर म्हणून ५ एचपी. आपला हिस्सा १० टक्के, तो भरायचा आणि यादीतली कंपनी निवडायची. दादा मीटरच्या लाईटजोडणीला डबा म्हणतात आणि सौर पॅनलला काच. त्यांचं एकच: "मला डबा पाहिजे, काच नको. काचेवर पाणी निघत नसतं."

त्यांचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल मार्च २०२९ पर्यंत माफ आहे. शिवाय सगळे म्हणतात की 'सौर कृषी वाहिनी' योजनेत शेतीला लाईट पुरवणाऱ्या वाहिन्याच (फीडर) सौर होणार आहेत. मग स्वतःच्या रानात काचा रोवून त्यांची राखण करायची कशाला?

आणि एक खटकलेली गोष्ट. अर्जात जमीन किती ते सातबाऱ्यावरून घेतलं. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. पाणी किती फुटांवर आहे हा प्रश्न एचपी ठरवताना कुठेच आला नाही. राज्याचं ऊर्जा धोरण, हवामान बदल हे सगळं पेपरात वाचतो, पण आमच्या चार एकरापुरतं काय करावं ते कुणी अनुभवी माणसाने सांगावं.

जॉबर | १० जानेवारी, रात्री १०:०५

उन्हाचं लायसन सोलापूरकराला जन्मतःच मिळतं. पाण्याचा फॉर्म वेगळा असतो, तो कायम 'प्रलंबित'.

वायरमनचा_पोरगा | १० जानेवारी, रात्री ११:२०

दादांना आधी एक सांगा: डबा घेतला तरी काच चुकत नाही. फक्त ती दुसऱ्याच्या रानात असते.

वाहिनी योजना २०१७ ची, २०२३ मध्ये तिची २.० आवृत्ती आली. सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आत सौर प्रकल्प उभा करायचा, त्याची वीज सबस्टेशनात आणायची आणि तिथून शेतीच्या फीडरला सोडायची. तुमची डीपी तीच, स्टार्टर तोच, मोटर तीच. लाईट तेवढी दिवसा. २.० मधला पहिला प्रकल्प सप्टेंबर २०२४ मध्ये संभाजीनगर जिल्ह्यात धोंदलगावला चालू झाला, ३ मेगावॅटचा.

सरकारला यात इतका उत्साह का, ते समजून घ्या. ग्राहकाच्या दारात पोचेपर्यंत वीज सरासरी आठ रुपये युनिटच्या आसपास पडते, या प्रकल्पांची पडते तीनच्या आसपास. शेतकऱ्याकडून आधीच थोडे यायचे, आता तेही माफ. मधला खड्डा भरतं कोण? निम्मा कारखानदाराच्या बिलातून, निम्मा तिजोरीतून. त्यामुळे हवामान बदल फ्लेक्सवर आहे, हिशेब आत आहे. माझी त्याला हरकत नाही, हिशेबासाठी का होईना चांगलं काम होतंय.

आमचे वडील लाईनवर होते. रात्रीच्या थ्री फेजचा आठवडा आला की बारा-साडेबाराला घरी फोन: "डीओ उडालाय, या." म्हणजे खांबावरचा फ्यूज. आई चहा टाकायची, वडील काठी आणि बॅटरी घेऊन निघायचे. ऊस पाजणारा माणूस बांधावर घोंगडं पांघरून त्यांची वाट बघत बसलेला असायचा. दिवसा लाईट म्हणजे काय, हे ज्याने रात्री पाणी धरलंय त्यालाच कळतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र बोअर बघितल्याशिवाय देता येणार नाही. पाणी कुठे उभं आहे?

सीनाकाठ | १० जानेवारी, रात्री ११:३१

म्हटलं ना, ४२० फूट.

वायरमनचा_पोरगा | १० जानेवारी, रात्री ११:३४

ती बोअरची खोली झाली. पाणी कुठे उभं आहे?

सीनाकाठ | १० जानेवारी, रात्री ११:४०

ते कधी मोजलं नाही.

अप्पा_बार्शी | ११ जानेवारी, सकाळी ७:१५

घेऊ नका असं म्हणत नाही, पण माझं ऐकून मग घ्या.

माझ्याकडे २०२२ पासून केंद्राच्या कुसुम योजनेतला ५ एचपी सौर पंप आहे, ४८०० वॉटचे पॅनल. बोअर पाचशे फूट. सकाळी साडेनऊला पाईप खोकायला लागतो, दहाला धार धरते, साडेतीनला परत खोकला सुरू. पौषात दिवस लहान, त्यात ढग आलं की पाळी अर्धी राहते. ढग किती आलं हे मला वर बघायची गरज नाही, सरीतलं पाणी बघून सांगतो.

एकदा वळवाच्या वादळात दोन पॅनल उडून बांधावर जाऊन फुटले. योजनेत पाच वर्षांची देखभाल आणि विमा दोन्ही आहे, ते खरं. पण तक्रारीपासून नवीन पॅनल बसेपर्यंत तेवीस दिवस गेले. कंपनीचं नाव घेत नाही. मे महिन्यातले तेवीस दिवस. वांगी तर गेलीच, पण शेजाऱ्याकडे रोज "अर्धा तास पाणी देता का" म्हणून जावं लागलं त्याची लाज वेगळी.

म्हणून म्हणतो, डबा मिळत असेल तर डबा.

लाईट_गेली | ११ जानेवारी, सकाळी ८:०२

मिळत असेल तर! अप्पा, नवीन शेती जोडणी मागितली की हल्ली सौरच हातात देतात. डबा आता लग्नात आहेर म्हणून मागावा लागेल.

डाळिंबवाली_सांगोला | ११ जानेवारी, दुपारी १:४५

अप्पा, तुमचं खोटं नाही, पण तुम्ही पंपाचं पाणी सरळ सरीत सोडता ना? तिथेच चुकतं. सौर पंपाला धार नसते, त्याला दिवस असतो. दिवसभर जे काही थेंब-थेंब येतं ते साठवायला जागा पाहिजे.

आमच्याकडे तीस बाय तीस मीटरचं शेततळं आहे, कागद टाकलेलं. सौर पंप सकाळपासून त्यात पाणी टाकत राहतो, कमी येवो जास्त येवो, मी बघायलाही जात नाही. तळ्यातून लहान मोटरीने ठिबकला. डाळिंबाला असंही एकदम ढीगभर पाणी द्यायचंच नसतं. बहार धरताना आधी ताण द्यायचा, मग मोजून. आमचं गणित जुळलं ते तळ्यामुळे, पंपामुळे नाही.

तळ्याचाही तोटा सांगते, नाहीतर म्हणाल जाहिरात करते. एप्रिल-मेमध्ये रोज बोटभर पाणी ऊनच पितं. कागदाला उंदीर लागला की संपलं. आणि एकदा शेळी पडली होती, ती काढायला चौघे लागले.

पण मला पंपाचं मोल वेगळ्याच कारणाने आहे. आमचे हे रात्री पाणी धरायला गेले की मी दाराला कडी लावत नव्हते. झोप लागली आणि त्यांनी हाक मारली तर ऐकू यायला पाहिजे म्हणून. दोन वर्षं झाली, आता नऊला कडी लावते.

सीनाकाठ, कंपनी निवडताना युनिव्हर्सल कंट्रोलर मिळतो का ते विचारा. पाणी नको असेल त्या दिवशी त्यावर कडबाकुट्टी चालवता येते.

लाईट_गेली | ११ जानेवारी, दुपारी १:५८

अप्पांचा पाईप खोकतो, ताईंचं तळं ऊन पितं. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावं काय?

अप्पा_बार्शी | ११ जानेवारी, दुपारी ३:१०

ताई, तीस बाय तीस म्हणजे पाऊण-एक गुंठा नव्हे, बांध धरून दहा-अकरा गुंठे जातात. चार एकरवाल्याने तेवढं काढायचं म्हणजे विचार करावा लागतो. बाकी कडीचं पटलं.

कांडीवाला | ११ जानेवारी, रात्री ८:३०

शेतकऱ्यांच्या धाग्यात घुसतोय, माफी असावी. पण वर वायरमन भाऊ म्हणाले ना, "निम्मा कारखानदाराच्या बिलातून", तो मी. बारा माग, चादर आणि टॉवेल.

आमच्यासाठी धोरण नाही असं नाही. वस्त्रोद्योग धोरण २०२३-२८ आहे, त्याच्या नावातच 'शाश्वत' शब्द आहे. यंत्रमागाला वीज सवलत आधीपासून होती, २०२४ मध्ये आणखी वाढवली: २७ एचपीच्या आतल्याला युनिटमागे एक रुपया, वरच्याला ७५ पैसे. मिळते तेव्हा बरं वाटतं.

पण सौरचं घ्या. सगळे म्हणतात कारखान्याच्या पत्र्यावर पॅनल टाका. माझा पत्रा सिमेंटचा, वडिलांच्या काळातला. पॅनलवाला शिडीवरून वर गेला, एक पाय पत्र्यावर ठेवला, कर्र आवाज आला आणि तसाच खाली आला. म्हणाला, "मालक, आधी लोखंडी कैची आणि नवा पत्रा, मग माझं काम." तो खर्च पॅनलपेक्षा जास्त. बरं, माग चालतात रात्री. मेमध्ये दिवसा आत उभं राहवत नाही म्हणून कामगारच रात्रपाळी मागतात. म्हणजे ऊन तापतं तेव्हा माग बंद, आणि माग चालू तेव्हा ऊन नाही.

हवामान बदल म्हणजे काय ते मला कोणी चार्टवर दाखवू नये. कोरड्या उन्हाळ्यात सूत ठिसूळ होतं, तानीचे धागे पटापट तुटतात. आम्ही खिडक्यांना ओली पोती बांधतो, जमिनीवर पाणी मारतो. पूर्वी हे एप्रिलच्या शेवटी सुरू व्हायचं. आता शिवरात्र झाली की पोती शोधायला लागतो. धागा तुटला की माग थांबतो, माग थांबला की कामगाराची मजुरी थांबते, कारण मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर असते. याला तुमच्या धोरणात कुठला रकाना आहे?

जॉबर | ११ जानेवारी, रात्री ८:४४

मालक, रकाना आहे. 'इतर'.

जुळेकर | ११ जानेवारी, रात्री ९:१५

घरगुतीचा अनुभव हवा असेल तर: जुळे सोलापूर, ३ किलोवॅट, छतावरच्या सौरच्या 'पीएम सूर्यघर' योजनेतून ७८,००० अनुदान खात्यात आलं. चांगल्या दिवशी बारा-तेरा युनिट. बिल जवळपास गेलंच.

तीन गोष्टी मात्र कोणी आधी सांगितल्या नाहीत.

पहिली, लाईट गेली की पॅनल असूनही घरात अंधार. बायकोने भर दुपारी विचारलं, "वर एवढं ऊन पडलंय आणि पंखा का बंद?" लाईनवर माणूस काम करत असेल तर आपल्या छतावरची वीज उलट जाऊन त्याला झटका बसू नये, म्हणून इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. कारण रास्त आहे. पण हे कळेपर्यंत मी पॅनलवाल्याला चार फोन केले होते.

दुसरी, जास्त ऊन म्हणजे जास्त वीज असं सरळ नसतं. पॅनलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते, पुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घट. आपल्याकडे मेमध्ये काच पासष्टच्या पुढे जाते. माझा सगळ्यात चांगला महिना मार्च निघाला.

तिसरी म्हणजे धूळ. आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. त्यातून पॅनल धुवायचे की घागरी भरायच्या? बोअरच्या पाण्याने धुतले तर पांढरे डाग बसतात, ते लिंबाने पुसावे लागतात. मी वर्षाला किती लिंबं लागतात तेही लिहून ठेवलंय, पण ते सांगत नाही, घरातच हसतात.

माळवद | ११ जानेवारी, रात्री १०:०५

थोडं अवांतर. मी निवृत्त शिक्षिका, माहेर अक्कलकोटकडचं.

आमचं घर माळवदाचं. लाकडी तुळया, त्यावर किलचाण, वर हात-दीड हात पांढऱ्या मातीचा थर. दरवर्षी मृगाच्या आधी वडील वर चढून नवी माती पसरायचे आणि आम्ही पोरं ती पायाने दाबायचो. मेमध्ये दुपारी दोन वाजता आत गेलं की डोळ्यांना अंधारी यायची आणि अंगाला गारवा लागायचा. मग भावाने ते पाडून स्लॅब टाकला. आता तिथे दोन कूलर, तरी दुपारी कोणी आत बसत नाही, सगळे चिंचेखाली.

वीज कशी तयार करायची यावर सगळे बोलतात. लागूच नये म्हणून काय करायचं, यावर घर बांधताना कोणी बोलत नाही. माळवद गळतं, उंदीर-विंचू होतात, दरवर्षी राबावं लागतं, हे मला माहीत आहे. पण निदान स्लॅबवर चुना तरी फासा. पांढऱ्या गच्चीने खालची खोली थोडी तरी निवते. आम्ही शाळेच्या एका वर्गावर करून बघितलं होतं. त्या वर्गात बसायला पोरांची मारामारी.

शाळेवरून आठवलं. 'माझी वसुंधरा' अभियान आलं तेव्हा एका कार्यक्रमात आम्ही सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली. माईकला लाईट नव्हती म्हणून शपथ डिझेल जनरेटरवर झाली.

लाईट_गेली | ११ जानेवारी, रात्री १०:११

बाई, दंडवत. मी तुमच्या वर्गात असतो तर चुन्याच्या खोलीत सगळ्यात पुढे बसलो असतो.

नान्नजचा_माळ | १२ जानेवारी, सकाळी ६:४०

वायरमन भाऊंनी लिहिलं, "सबस्टेशनपासून पाच-दहा किलोमीटरच्या आत." तिथे एक मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. ही जमीन येते कुठून? आधी नजर जाते गायरानावर, कारण कागदावर ते 'पडीक'.

मी तीस वर्षं माळावर फिरतोय. पडीक माळ नावाची गोष्ट नसते. तिथे काळवीट आहे, लांडगा आहे, धाविक पक्षी आहे. धनगरांची मेंढरं त्याच माळावर जगतात. नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य केलं. आता एखादा पक्षी दिसला तरी बातमी होते. हा पक्षी जड, आणि उडताना त्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे वायर चुकवता येत नाही. सौर प्रकल्प शांत असतो हे मान्य, पण त्याच्यासोबत कुंपण येतं आणि वायर येते.

मी सौरच्या विरोधात नाही. कालव्याकडेच्या सरकारी पट्ट्या आहेत, गोदामांची छपरं आहेत, बाजार समित्यांचे शेड आहेत. माळाची पाळी शेवटी यावी एवढंच म्हणणं.

अक्कलकोट_रोड | १२ जानेवारी, सकाळी ९:२०

साहेब, माळढोक बघून पोट भरत नाही. खाजगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख भाडं, दरवर्षी ३ टक्के वाढ. म्हणजे एकरी पन्नास हजार, बसून. आमच्या बरड रानात ज्वारीचे सगळा खर्च जाऊन किती उरतात ते तुम्ही येऊन मोजा. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, तीन वर्षं. आमच्या गावात या पैशावर शाळेला कुंपण आणि पाण्याची टाकी करायची चर्चा चालू आहे.

नान्नजचा_माळ | १२ जानेवारी, सकाळी ९:५५

खाजगी जमिनीबद्दल मी बोललोच नाही. तुमची जमीन, तुमचा निर्णय. गायरानाचं भाडं मेंढपाळाला मिळतं का, एवढं सांगा.

अक्कलकोट_रोड | १२ जानेवारी, सकाळी १०:३०

नाही मिळत. ते खरंय. आमच्याकडेही दोन घरं आहेत मेंढरांची, चर्चेला त्यांना बोलावलेलं नाही अजून. विचारतो.

उजनी_वजा_साठ | १२ जानेवारी, दुपारी १२:१५

सगळे पॅनलवर बोलताय. मला पाण्यावरून बोलू द्या, आयडीच तसा आहे.

राज्याने २०२० मध्ये अपारंपरिक ऊर्जेचं धोरण केलं, २०२५ पर्यंत १७,३६० मेगावॅटचं लक्ष्य धरून. पुढे हरित हायड्रोजन आलं, ई-वाहनं आली, २०२३ च्या डिसेंबरात पंप स्टोरेजचं (पाणी वर चढवून वीज साठवायचं) धोरण आलं. कागद भरपूर आहेत आणि बरेचसे चांगले आहेत. पण आपल्या दारात काय आहे? फताटेवाडीला ६६० चे दोन संच, १३२० मेगावॅट कोळशाचे. दुसरा संच २०१९ मध्ये चालू झाला, म्हणजे हे धोरण यायच्या आदल्या वर्षी. कोळशाचा प्रकल्प पंचवीस-तीस वर्षं चालतो. त्याला पाणी लागतं उजनीचं, शहराला लागतं उजनीचं, उसाला लागतं उजनीचं, आणि २०२४ च्या जूनमध्ये उजनी वजा साठ टक्क्यांच्या आसपास होती. ११७ टीएमसीचं धरण, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्यात. त्या उन्हाळ्यात आपण सगळे मृतसाठ्यावरच जगलो.

केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणात एक चांगलं कलम आहे: सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आत औष्णिक प्रकल्प असेल तर त्याने प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरावं. सोलापूर शहर ते फताटेवाडी अंतर किती, हे इथे कोणाला सांगायला नको. हे एक कलम मनापासून राबवलं तरी उजनीवरचा भार हलका होईल.

आणि कांडीवाल्या मालकांचं दुखणं, ऊन असतं तेव्हा माग नाही, हेच पुढे सगळ्या राज्याचं दुखणं होणार आहे. दिवसा वीज उतू जाणार, संध्याकाळी सातला कमी पडणार. म्हणूनच आता स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी नऊ ते पाच युनिटमागे सवलत सुरू झालीय: बाबांनो, दिवसा वापरा. साठवणुकीसाठी पंप स्टोरेज. गंमत म्हणजे उजनीच्या पायथ्याला १२ मेगावॅटचं जे वीजघर आहे, त्याचं यंत्र उलटं फिरवून पाणी परत वर ओढायची सोय असलेलंच आहे. कल्पना आपल्याकडे जुनी आहे. पण वर पाणी असलं तर ना!

कांडीवाला | १२ जानेवारी, दुपारी १२:५०

म्हणजे रात्रीची वीज पुढे आणखी महाग होणार. पोती भिजवायची ती भिजवायचीच, वर बिल.

उजनी_वजा_साठ | १२ जानेवारी, दुपारी १:०५

होय. खोटं कशाला सांगू. छपराचा खर्च कर्जात बसतो का ते आत्ताच बघा.

जॉबर | १२ जानेवारी, दुपारी १:२०

२०२५ मध्ये राज्याने एका महिन्यात ४५,९११ सौर पंप बसवून गिनेस विक्रम केला. आता एका महिन्यात ४५,९११ बोअरमध्ये पाणी बसवायचा विक्रम बाकी आहे.

अप्पा_बार्शी | १२ जानेवारी, दुपारी २:००

हसू नका, हाच मुद्दा आहे. बिल नाही, रात्रपाळी नाही, पंप सकाळी आपोआप चालू, संध्याकाळी आपोआप बंद. मग थांबवायचं कोणी? आमच्या वस्तीवर सहा सौर पंप झाले. पूर्वी लाईट जायची ती एका परीने बोअरची सुट्टी होती.

उजनी_वजा_साठ | १२ जानेवारी, दुपारी २:१८

कायद्याने ही सुट्टी आहे की. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात साठ मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली बोअर घ्यायला बंदी आहे. इथे हात वर करा, दोनशेच्या आत कोणाची आहे?

डाळिंबवाली_सांगोला | १२ जानेवारी, दुपारी २:२५

मी हात मागे घेतला.

लाईट_गेली | १२ जानेवारी, दुपारी २:२६

अप्पा पाचशे, धागाकर्ते चारशे वीस. आकडाच असा निवडलाय की कबुलीजबाब वाटावा.

वायरमनचा_पोरगा | १२ जानेवारी, रात्री ९:३०

मूळ प्रश्नावर येऊ या, नाहीतर सीनाकाठ पळून जातील.

भाऊ, एवढं करा. दोरीला वजन बांधून बोअरमध्ये सोडा, ओलं कुठपर्यंत येतं ते मोजा. मोटर बाहेर काढलेली असेल तर आत्ताच करा, अडकणार नाही. फुटाला ३.२८ ने भागलं की मीटर. सौर पंप 'हेड', म्हणजे पाणी किती उंच उचलायचं ते, बघून घ्यायचा असतो: पन्नास मीटर, सत्तर, शंभर. एचपी तेवढाच असला तरी पाणी जितकं खालून, तितकं कमी येणार. आणि आजचं पाणी बघून हेड ठरवू नका. मेमधलं धरा, वर तळ्याची उंची आणि पाईपचं घर्षण. अप्पांचा पाईप खोकतो तो बहुतेक याच कारणाने. ५ एचपी कमी नाही, हेड चुकलंय.

वाहिनीची वाट बघायची तर त्यासाठी आधी डबा असावा लागतो. तुमच्याकडे डबा नाही. त्यामुळे तुमच्यापुढे प्रश्न 'पंप की वाहिनी' असा नाहीच. 'पंप की चुलते' असा आहे.

सीनाकाठ | १३ जानेवारी, रात्री १०:४०

आज गावी गेलो होतो. सुतळीला जुना अर्धा किलोचा मापाचा तुकडा बांधला. दादा पलीकडे पाठ करून बसले होते, आपल्याला काही देणंघेणं नाही अशा थाटात. सुतळी सोडता सोडता मी मोजत होतो, मध्येच चुकलो, तर मागून आवाज आला: "एकशे नव्वद. पुढे मोज."

ओलं २६० फुटांवर लागलं. म्हणजे ७९ मीटर. दादा म्हणाले, मागच्या मेमध्ये चुलत्यांच्या मोटरीला पाईप वाढवावा लागला होता, तेव्हा पाणी तीनशे चाळीसच्या आसपास होतं. म्हणजे १०४. मी आपला सत्तर मीटरवाल्यावर टिक करणार होतो.

सगळ्यांचे आभार. मालक, तुमच्या पोत्यांचं वाचून आमच्या दुकानातल्या सुताकडे वेगळ्याच नजरेने बघतोय. उद्या सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा, त्यामुळे ऑफिस-बिफिस काही नाही. परवा ठरवतो.

माळवद | १३ जानेवारी, रात्री १०:५५

दादांना माझा नमस्कार सांगा. बोला, एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र.

जुळेकर | १९ मे, सायंकाळी ७:१०

धागा वर काढतोय. सीनाकाठ, काय केलंत शेवटी? आज ४३ अंश, मी लिंबं आणायला निघालोय.

सीनाकाठ | १९ मे, रात्री ९:२५

घेतला. शंभर मीटरवाला, मार्चमध्ये बसला. सकाळी दहा ते तीन नीट चालतो, पुढे अप्पांसारखा खोकतो. तळं नाही जमलं, त्याऐवजी जुनी पडकी विहीर होती तिला खालून कागद टाकून टाकी केली. वीस दिवस टिकली, मग कागद फाटला, आता परत टाकलाय. ताई, उंदीरच.

दादा सकाळी पॅनल पुसतात. धोतराच्या जुन्या पानाने, सुकंच. मी पाणी मारा म्हटलं तर म्हणाले, "त्यासाठी पाणी काढलंय व्हय?"

अप्पा_बार्शी | १९ मे, रात्री ९:४०

चुलते?

सीनाकाठ | १९ मे, रात्री ९:५२

परवा त्यांची डीपी जळाली. तेव्हापासून त्यांची जनावरं आमच्या हौदावर येतात. दोघं बोलत नाहीत अजून, पण दादा हौद भरून ठेवतात.